संदर्भासह स्पष्टीकरण

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसं ठेवलं आहे.)



काल रात्री जेवताना चौघांनी मला विचारलं, 'तू नक्की करतोस काय?' माझी आईही शेवटपर्यंत हेच विचारायची. इंजिनियर म्हणावं तर हाताला ग्रीस नाही, वकील म्हणावं तर अंगात काळा कोट नाही. मी पेटंट एजंट आहे. कोणी काही नवीन यंत्र केलं की ते शब्दांत मांडून पेटंट ऑफिसात अर्ज करायचा, हे माझं काम. आणि मग पुढची कित्येक वर्षं त्या शब्दांवरून भांडायचं, हेही माझंच काम. संयोजकांनी पंचवीस मिनिटं दिली आहेत. त्यात मला एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. त्या शब्दापायी माझा एक मित्र जवळजवळ तुटला होता, आणि तो शब्द मी निवडला होता.

पण आधी थोडी तयारी.

आपल्या मराठीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असायचा, 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या.' नववीत एकदा धडा न वाचता मी नुसत्या दिलेल्या वाक्यावरून पानभर स्पष्टीकरण ठोकून दिलं होतं. सरांनी शून्य दिलं आणि समासात लिहिलं, 'स्पष्टीकरण चांगले. संदर्भ कुठे आहे?' सर, तुम्हाला आठवत नसेल. मला मात्र रोज आठवतं, कारण आज मी त्याच प्रश्नाची फी घेतो.

पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा. तुम्ही तुमची युक्ती सगळ्या जगाला उघड करून सांगायची, आणि त्या बदल्यात वीस वर्षं ती दुसऱ्याला वापरू न देण्याचा हक्क घ्यायचा. अर्जात वर्णन असतं, आकृत्या असतात आणि शेवटी असतात क्लेम, म्हणजे दावे. आपल्याकडे जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस ओढा, तसे हे दावे. फरक एवढाच की इथे मोजणीदार नाही, हद्दीचा दगड नाही, बांधही नाही. जे आहे ते शब्दच. त्यामुळे आमच्याकडे बांध कोरायचा तर नांगर लागत नाही, शब्दकोश पुरतो.

आता पेटंट मिळायला वस्तू नवीन हवी. नवीन आहे की नाही हे कसं ठरवतात? दाव्याचे तुकडे पाडतात. मी एका कागदावर मधोमध रेघ मारतो. डाव्या बाजूला दाव्यातला एकेक शब्द, उजव्या बाजूला आधीच्या कुठल्या तरी यंत्रातला त्याच्याशी जुळणारा भाग. डावीकडची प्रत्येक ओळ एकाच जुन्या वस्तूत सापडली, की नवेपणा संपला. एक जरी ओळ रिकामी राहिली तर नवेपणा टिकला; मग पुढचा प्रश्न, ती रिकामी ओळ भरणं त्या धंद्यातल्या साध्या कारागिरालाही सुचलं असतं का? ऐकायला हे गणितासारखं वाटतं. पण डावीकडच्या शब्दाचा अर्थ काय धरायचा, हे ठरल्याशिवाय उजवीकडे काही भरताच येत नाही. सगळी मारामारी तिथेच असते.

माझी सगळ्यात आवडती केस एका बारा वर्षांच्या मुलाची आहे.

1968 साली कॅलिफोर्नियातल्या हॉइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक या दोघांनी पेटंटचा अर्ज केला. पाण्यावर तरंगणारी एक फळी, तिच्यावर सगळ्या दिशांना कलणारी डोलकाठी, तिला शीड, आणि ते शीड दोन्ही बाजूंनी धरायला दांड्यांची जोडी. आज ज्याला आपण विंडसर्फिंग म्हणतो ते हे. दाव्यात त्या दांड्यांना विशेषण होतं 'कमानदार'. खेळ जगभर पसरला. पुढे इंग्लंडमध्ये त्यांच्या कंपनीने टाबर मरीन नावाच्या कंपनीवर दावा लावला. टाबरच्या बाजूने पुरावा आला तो पीटर चिल्व्हर्स नावाच्या माणसाचा. हा 1958 साली बारा वर्षांचा होता आणि दक्षिण इंग्लंडमधल्या हेलिंग बेटाजवळ त्याने स्वतः बनवलेली अशीच फळी शीड लावून चालवली होती. पेटंटच्या अर्जाआधी दहा वर्षं! मोठी माणसं काठावरून बघत होती. कोणाला वाटलं असेल की या पोराच्या खेळण्यावर एक दिवस इंग्लंडचं अपील कोर्ट निकाल लिहिणार आहे?

पण पेटंटवाल्यांकडे एक उत्तर होतं. मुलाने लावलेले दांडे सरळ होते. दाव्यात लिहिलंय 'कमानदार'. म्हणजे कागदावरची ती ओळ रिकामी, नवेपणा शाबूत.

कोर्टाने काय बघितलं? ते दांडे जमिनीवर ठेवल्यावर सरळ दिसायचे. पण शिडात वारा भरला, की ताणाने वाकायचे आणि कमानदार व्हायचे. आणि ही वस्तू जमिनीवर ठेवायला केलेलीच नाही, वाऱ्यात चालवायला केलेली आहे. तेव्हा 'कमानदार' हा शब्द वापरातल्या दांड्याला लावून वाचायचा. तसा वाचला की मुलाची फळी दाव्यात येऊन बसते. पेटंट गेलं. 1965 सालच्या 'पॉप्युलर सायन्स' मासिकात न्यूमन डार्बी यांचा शिडाच्या फळीवरचा लेखही पुराव्यात होता. त्याचं शीड पतंगाच्या आकाराचं होतं, आणि त्या लेखावरून पुढची पायरी कोणालाही सुचली असती असंही कोर्ट म्हणालं. या निकालात नावीन्याची पायरी तपासायला घालून दिलेले चार टप्पे आजही जगभरचे पेटंटवाले घोकतात. मला मात्र ते चार टप्पे आठवायच्या आधी तो वाऱ्याने वाकणारा दांडा दिसतो.

आता भूमितीच्या बाईंची माफी मागून दुसरी गोष्ट. बाई, 84 अंशांच्या कोनाला कोणी लंब म्हटलं असतं तर तुम्ही वही फेकली असती. इंग्लंडमध्ये कॅटनिक नावाच्या कंपनीचं पेटंट होतं दारा-खिडक्यांवर बसवायच्या लोखंडी लिंटलचं. दाव्यात लिहिलं होतं की मागची पट्टी 'उभी' असेल. दुसऱ्या कंपनीने तेच लिंटल केलं, फक्त ती पट्टी लंबापासून सहा ते आठ अंश कलती ठेवली, आणि म्हणाली, आमची कुठे उभी आहे? हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड डिप्लॉक यांनी विचारलेला प्रश्न साधारण असा होता: बांधकामाच्या धंद्यातल्या जाणकार माणसाने हे वाचलं, तर लिहिणाऱ्याला इथे काटेकोर नव्वद अंशच हवे होते असं त्याला वाटेल का? गवंड्याच्या दृष्टीने उभी म्हणजे वरचं ओझं पेलण्याइतकी उभी. पट्टी सहा-आठ अंशांनी कलली म्हणून तिच्या कामात जाणवण्याजोगा फरक पडत नव्हता. दुसरी कंपनी हरली. तेव्हा बाई, शब्द भूमितीचा असला तरी पेपर तपासणारा गवंडी होता.

मग शब्दकोश बघायचाच नाही का? बघायचा, पण शेवटी. अमेरिकेत काही वर्षं उलट चाललं होतं. आधी शब्दकोश उघडा, मग पेटंट वाचा, असा कल होता. 2005 साली तिथल्या फेडरल सर्किट कोर्टाच्या सगळ्या न्यायाधीशांनी एकत्र बसून तो मोडला. तुरुंगासारख्या इमारतींसाठी पोलादी भिंतींचं एक पेटंट होतं. भिंतीच्या आत पट्ट्या होत्या, दाव्यात त्यांना 'बॅफल' म्हटलं होतं. भिंतीशी काटकोनात असलेली पट्टी बॅफल की नाही, एवढाच वाद. वर्णनात लिहिलं होतं की या पट्ट्या बंदुकीची गोळी अडवून वळवतात. मग गोळी वळायला पट्टी तिरकीच हवी, असं खालच्या कोर्टाने धरलं होतं. मोठ्या पीठाने सगळं पेटंट पुन्हा वाचलं आणि म्हणालं, या पट्ट्यांची इतरही कामं लिहिली आहेत, भिंतीला आधार देण्याचं वगैरे. त्यातल्या एकाच कामापुरता शब्द आवळता येणार नाही. म्हणजे धडा पूर्ण वाचा, मग वाक्याचं स्पष्टीकरण लिहा. समासातला तुमचा शेरा, सर, सातासमुद्रापार पोचला म्हणायचा.

आता माझ्या मित्राची गोष्ट. तो आपल्याच शाळेचा, आपल्याला दोन वर्षं पुढे. त्याची परवानगी घेऊन सांगतो आहे. नाव सांगू नको म्हणालाय, आणि तिसऱ्या रांगेत बसलोय हेही सांगू नको म्हणालाय.

त्याचं छोटं वर्कशॉप आहे. हळदीला पॉलिश करायची पिंपं बनवतो. आपल्यातल्या निम्म्यांच्या घरी हळद होती, बाकीच्यांसाठी सांगतो: हळद शिजवून वाळवली की ती काळपट, खरखरीत असते. जाळीच्या पिंपात घालून पिंप फिरवलं की हळकुंडं एकमेकांवर घासतात, साल आणि माती गळून पडते आणि रंग उघडतो. अडचण अशी की पिंपाच्या मधला माल जास्त घासला जातो, कडेचा कमी. मधल्याचे तुकडे पडतात, आणि तुकडा पडला की पेठेत भाव पडला. याने पिंपाच्या आतून लोखंडी पट्ट्या मारल्या, पण आसाला समांतर न मारता तिरक्या, साधारण वीस अंशात. पिंप फिरलं की माल हळूहळू एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे सरकायचा, उलट फिरवलं की परत यायचा. सगळ्या मालाला सारखं पॉलिश. तुकडा कमी. वर्कशॉपच्या ओट्यावर बसून त्याने मला ते समजावलं होतं; पंजा उघडून बोटं तिरकी धरली आणि दुसऱ्या हाताने त्यावरून शेंगदाणे घरंगळवून दाखवले.

मी घरी आलो आणि अर्ज लिहिला. 'वीस अंश' लिहिलं तर कोणी पंचवीस अंशात करून सुटेल, म्हणून आकडा काढला. 'माल सरकेल अशा' हे शब्दही काढले, कारण प्रत्येक जादा शब्द म्हणजे चतुःसीमेत एक जादा कुंपण, आणि मला शेत मोठं करायचं होतं. दाव्यात राहिलं एवढंच: फिरते पिंप, ज्याच्या आतील बाजूस तिरकस पट्ट्या बसवल्या आहेत. मी स्वतःवर खूश होतो. पेटंट मिळालं. त्याने वर्कशॉपच्या दारावर प्रमाणपत्राची फ्रेम लावली, पेढे वाटले.

तीन वर्षांनी शेजारच्या तालुक्यातल्या एकाने अशीच पिंपं विकायला काढली. पट्ट्या होत्या, पण पाचेक अंशांच्या. मित्र तावातावाने आला. 'तिरकस म्हणजे तिरकस. तूच लिहिलंयस ना?' मी नोटीस पाठवली. पाच अंश म्हणजेही तिरकसच, असं त्यात ठासून लिहिलं.

उत्तर आलं त्यासोबत एक फोटो होता. एका हळद व्यापाऱ्याच्या जुन्या वखारीतलं हाताने फिरवायचं पिंप, आपल्या वडिलांच्या काळातलं. आतून लाकडी पट्ट्या ठोकलेल्या. सुताराने त्या सरळच ठोकायला घेतल्या असणार, पण हाताचं काम, त्यात लाकूड पिळवटलेलं. एकही पट्टी आसाला समांतर नव्हती. चार अंश, पाच अंश, एखादी सहा.

मी तो फोटो टेबलावर ठेवून बराच वेळ नुसता बसलो. चिल्व्हर्सचा वाकणारा दांडा मी लोकांना शिकवत होतो, आणि तोच दांडा लाकडी पट्टी होऊन माझ्या टेबलावर आला होता.

पेच लक्षात घ्या. पाच अंश हे 'तिरकस' असेल, तर शेजारचा माणूस दाव्यात सापडतो. पण मग वखारीतलं जुनं पिंपही त्याच दाव्यात सापडतं, आणि जुनं सापडलं की पेटंटच रद्द. उलट, 'तिरकस' म्हणजे माल सरकण्याइतकं तिरकस असं म्हटलं, तर जुनं पिंप बाहेर राहतं आणि पेटंट वाचतं. पण शेजारच्याच्या पिंपातही माल सरकत नाही, म्हणजे तोही बाहेर. शेजाऱ्याला पकडताना एक अर्थ आणि जुन्या पिंपापासून लपताना दुसरा, असं करता येत नाही. नंतर आलं तर जे उल्लंघन ठरतं, तेच आधी आलेलं असेल तर नवेपणा मोडतं, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 1889 सालीच सांगून ठेवलंय. मेणाच्या नाकासारखा दावा हवा तसा वळवू नका, ही तिथली उपमाही त्याच काळातली. आणि 1913 साली जिलेटच्या दाढीच्या रेझरवरून झालेल्या खटल्यात लॉर्ड मोल्टन यांनी प्रतिवादीला सोपी वाट दाखवून दिली: मी जे करतोय ते जुन्याहून काही वेगळं नाही, एवढं सिद्ध करा, मग तुम्ही दाव्याच्या बाहेर आहात की दावाच खोटा आहे हे शोधत बसायची गरज नाही, दोन्हीकडून तुम्ही सुटता. समोरच्या वकिलाने नेमकं तेच केलं होतं.

पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात मिर्झापूर होतं. ते असणारच. मिर्झापूरच्या दोन भांडी बनवणाऱ्यांचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता, 1978 च्या डिसेंबरात निकाल लागला. लेथवर घासताना भांडं निसटून उडायचं, ते घट्ट धरायची एक सोय एकाने पेटंट केली होती. कोर्ट म्हणालं, ही वर्कशॉपमधली सुधारणा आहे, कसबी कारागिराच्या आवाक्यातली, पेटंट नाही. तेव्हापासून आपल्याकडे कोणाचंही यंत्राचं पेटंट पाडायचं असलं की मिर्झापूरचं भांडं पहिलं बाहेर निघतं.

मी मित्राला बोलावून सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, 'माल सरकला पाहिजे हे मी तुला सांगितलं होतं. शेंगदाणे घेऊन दाखवलं होतं.' मी म्हटलं, 'हो.' 'मग लिहिलं का नाहीस?'

मी त्याला खरं तेच सांगितलं. शेत मोठं करायच्या नादात मी त्याची विहीर हद्दीबाहेर सोडली होती.

वाचवलं ते वर्णनातल्या एका वाक्याने. दाव्यातून मी ते शब्द काढले होते, पण सातव्या पानावर माझ्याच हातून राहून गेलं होतं, 'पट्ट्यांच्या कलामुळे माल पिंपाच्या लांबीने सरकतो.' आपल्या कायद्यात पेटंट मिळाल्यावरही दावा दुरुस्त करता येतो, पण फक्त आवळता येतो, सैल करता येत नाही. आणि जे मूळ कागदात नाही ते आत आणता येत नाही. ते वाक्य नसतं तर दुरुस्तीला काही आधारच नव्हता. आम्ही दावा आवळला: 'माल पिंपाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकेल अशा रीतीने तिरकस'. जुनं पिंप बाहेर गेलं. आणि मिर्झापूरलाही उत्तर मिळालं, कारण माल सरकवायची कल्पना त्या वखारीत कोणाच्या डोक्यात नव्हती. तिथल्या पट्ट्या तिरक्या झाल्या होत्या, केलेल्या नव्हत्या. पेटंट टिकलं. शेजारचा माणूस मात्र सुटला. त्याची पाच अंशांची पिंपं आजही विकली जातात. स्वस्त आहेत, आणि तुकडा जास्त पाडतात, असं माझा मित्र म्हणतो. त्याचं मत निःपक्ष आहे असं मी म्हणणार नाही.

त्याचं आर्थिक नुकसान झालं. किती, ते त्याने मला कधी सांगितलं नाही. आठ महिने तो माझ्याशी बोलला नाही. नवव्या महिन्यात फोन आला. नवीन काहीतरी सुचलं होतं, हळद शिजवायच्या कुकरचं. मी म्हटलं, दुसऱ्या एजंटकडे जा, वाईट वाटणार नाही. तो म्हणाला, 'दुसरा ही चूक आता पहिल्यांदा करेल. तुझी करून झालीय.'

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. कारागीर बोलत असताना मी लिहीत नाही, त्याच्या हातांकडे बघतो. मग त्याचे शब्द जसेच्या तसे वर्णनात घालतो, माझ्या दाव्यात बसोत न बसोत. आणि दाव्यातला प्रत्येक शब्द आधी मागे वळून वाचतो, वखारीतलं एखादं पिंप त्यात अडकतंय का बघत, आणि मगच पुढे.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. चहाची वेळ झाली. बाहेर वडाखाली टेम्पो उभा आहे, त्यात ते पिंप आणलंय; मी नको म्हणत होतो, पण मालकाने ऐकलं नाही. पन्नास किलो हळदही आहे. फिरवून बघा, पण फिरत असताना कोणी हात आत घालू नका. आणि सर, तुम्ही आधी या. उत्तर पुन्हा तपासून हवंय.